पडद्याच्या दुखण्यांचा पूर्वेतिहास

आमचे थोरले बंधु दोन वर्षांपूर्वीं वारले. सेवानिवृत्तीनंतरचा सर्व काळ त्यांनीं एकाच उद्योगांत घालविला होता. आमच्या दक्षिण कोंकणांतील गांवच्या बोलींतले जे शब्द आतां कोणाच्या तोंडीं येत नाहींत, ते वृद्ध माणसांकडून विचारून घ्यावयाचे आणि त्यांचा कोश रचावयाचा, हा तो उद्योग. नांगराचे व होडीचे भाग, भाताच्या जाती, माशांचीं नांवें, पावसाचे प्रकार, भांडणांतल्या शिव्यासुद्धां. पांच हजारांवर नोंदी झाल्या होत्या, आणि त्या सर्व एका लॅपटॉपांत होत्या. दुसरी प्रत त्यांनीं कोठें ठेविली होती कीं काय, हें कोणासच ठाऊक नव्हतें. ते गेल्यावर कांहीं महिन्यांनीं वहिनींनीं तें यंत्र आमच्या स्वाधीन केलें. कळ दाबली, आंतील पंखा फिरूं लागल्याचा आवाज आला, कडेचा बारीक दिवाहि लागला, पडदा मात्र काळाच्या काळा. एका दुकानांत दाखविलें तेव्हां तेथील इसमानें अर्ध्या मिनिटांत निदान सांगितलें, "सर, स्क्रीन गेली. मशीन जुनें झालें आहे. इथेंच ठेवून जा; नव्यावर थोडें कमी करूं."

आम्ही तें ठेवून आलों नाहीं. त्यांत शहाणपण कांहीं नव्हतें, नुसती माया. पुढें काय झालें तें योग्य स्थळीं सांगूं. आम्ही व्यवसायानें इतिहासाचे अध्यापक. वीज व तिचीं यंत्रें हा आमचा प्रांत नव्हे. परंतु त्या दिवसापासून पडद्यांच्या दुखण्यांविषयीं जें मिळेल तें आम्ही वाचीत गेलों, घरोघरीं काय काय उपाय चालतात तें पाहत गेलों, आणि हा विषय आम्हांस वाटला होता तितका परका नाहीं असें दिसून आलें. पडदा कोणत्या काळीं व कोणत्या युक्तीनें घडला, ह्यांतच ज्या त्या दुखण्याचें मूळ असतें. आणि आपली नेहमींची चूक ही कीं, आजच्या पडद्यास आपण कालच्या पडद्याचें औषध देतों. गेल्या पन्नास वर्षांत आपल्या घरांत एकामागून एक तीन जातींचे पडदे आले. तोंडवळा तिघांचा सारखा, पण कूळ निराळें.

पहिलें कूळ कांचेच्या नळीचें. स्ट्रासबुर्ग येथील प्राध्यापक कार्ल फर्डिनांड ब्राउन ह्यांनीं १८९७ सालीं ती सिद्ध केली. ह्या गृहस्थांस पुढें १९०९ मध्यें मार्कोनीबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें, तें मात्र बिनतारी संदेशवहनाबद्दल. ज्या नळीनें सबंध विसावें शतक उजळलें तिच्याबद्दल नव्हे. ह्या नळीच्या सुधारलेल्या रूपांत मागच्या टोंकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत सुटतो, विजेच्या वेटोळ्यांच्या जोरानें तो डावीकडून उजवीकडे व वरून खालीं झरझर फिरविला जातो, आणि समोरच्या कांचेस आंतून दिलेल्या लेपावर तो जेथें आदळेल तेथें प्रकाश उमटतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं जो संगणक चालूं झाला व ज्यास पुढें 'टिफरॅक' हें नांव मिळालें, त्यासहि आकृति व अक्षरें दाखविण्याकरितां अशाच नळीचा पडदा जोडलेला होता. सामान्य गृहस्थाच्या घरीं ही नळी आली ती संगणकाबरोबर नव्हे, दूरदर्शनबरोबर. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत आपल्या समाजानें पडद्याच्या दुखण्यावरचें आपलें पहिलें औषध शोधून काढलें: संचाच्या डोक्यावर एक थापट.

ह्या थापटीस हंसण्याचें कारण नाहीं. जुन्या संचांत डाग देऊन जोडलेले शेंकडों सांधे असत. तापून फुगावें, निवून आकसावें, असें वर्षानुवर्षें चालल्यानें त्यांतील एखाद्यास बारीक तडा जाई. थापटीच्या हादऱ्यानें तडा घटकाभर मिटे व चित्र परत येई. उपाय तात्पुरता होता, परंतु त्यामागें कारण होतें. तोच उपाय लॅपटॉपावर करणारीं माणसें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि तेथें मात्र तो घातक आहे. जुन्या लॅपटॉपांत सर्व लेखन एका फिरत्या तबकडीवर सांठविलेलें असतें. त्या तबकडीच्या पृष्ठभागापासून तिचें वाचक टोंक केंसाच्या जाडीहूनहि पुष्कळ कमी अंतरावर तरंगत असतें. थापट पडद्यास मारावी आणि मरण लेखनास यावें, असा तो प्रकार आहे.

रंगीत नळीचें एक दुखणें आम्हांस विशेष मनोरंजक वाटतें, कारण त्याच्या औषधाच्या नांवांत एक महायुद्ध लपलें आहे. रंगीत नळींत तांबडा, हिरवा व निळा असे तीन झोत असतात, आणि प्रत्येकानें आपापल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडावें म्हणून लेपाच्या मागें असंख्य छिद्रें पाडलेला पत्रा बसविलेला असतो. ही रचना अमेरिकेंतील आर. सी. ए. कंपनीनें १९५० मध्यें लोकांस दाखविली. पत्र्यांत लोखंड असल्यामुळें त्यास चुंबकत्व चढे. जवळ ध्वनिवर्धक ठेवला कीं झोत किंचित् वांकडा होई, हिरव्याचा झोत निळ्यावर पडे, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत जांभळा अगर हिरवट डाग दिसूं लागे. ह्यावरील उपचारास 'डीगाउस' करणें म्हणतात. नोव्हेंबर १९३९ मध्यें इंग्लंडांतील शूबरीनेसच्या किनाऱ्यावरील चिखलांत एक जर्मन चुंबकी सुरुंग अखंड सांपडला. पोलादी जहाजाचें चुंबकत्व ओळखून फुटणारा हा सुरुंग होता. त्यावर तोड म्हणून जहाजांभोंवतीं तारांचीं वेटोळीं घालून, त्यांतून वीज खेळवून, त्यांचें चुंबकत्व दडवून टाकण्याची योजना झाली. आणि आरमारी अधिकारी चार्ल्स गुडीव्ह ह्यांनीं तिला नांव दिलें तें कार्ल फ्रीडरिश गाउस ह्या गणितज्ञावरून. जर्मन सुरुंगावरच्या इंग्रजी उताऱ्यास जर्मन पंडिताचेंच नांव पडावें, हा योग इतिहासास शोभण्यासारखाच आहे. संगणकाचा जुना पडदा लावतांच जो एक घुमणारा आवाज होऊन चित्र क्षणभर थरथरे, तो ह्याच उपचाराचा: नळीभोंवतींच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडावयाची व ती हळूहळू शून्यावर आणावयाची, म्हणजे पत्र्याचें चुंबकत्व विरून जातें.

आजच्या सपाट पडद्यास पत्रा नाहीं व झोतहि नाहीं. तेव्हां ध्वनिवर्धक उचलून दूर ठेवण्यानें त्याच्या रंगांत तिळमात्र फरक पडत नाहीं. तथापि चुंबकाचें भय पूर्णपणें गेलें आहे असेंहि नाहीं. आमच्या एका सहकारी बाईंचा लॅपटॉप टंकन करतां करतां मध्येंच मिटल्यासारखा होई. पडदा काळा पडे व हात उचलला कीं पुन्हां उजळे. घरांतल्या विजेपासून विषाणूपर्यंत सगळ्यांवर आळ घेऊन झाला. शेवटीं दोष निघाला तो मनगटावरच्या घड्याळाच्या चुंबकी पट्ट्याचा. लॅपटॉपाचें झांकण मिटलें कीं नाहीं हें कळण्यासाठीं झांकणांत एक लहान चुंबक व खालच्या अंगांत त्याची जाणीव घेणारा एक तुकडा बसविलेला असतो. एडविन हॉल ह्या अमेरिकन विद्यार्थ्यानें १८७९ सालीं चुंबकत्वाचा विजेच्या प्रवाहावर होणारा जो परिणाम शोधून काढला, त्यावर हे तुकडे बहुधा चालतात. बाईंचा हात त्या तुकड्यावरून गेला कीं यंत्रास वाटे, झांकण मिटलें.

नळीचें दुसरें प्रसिद्ध दुखणें म्हणजे चित्र कायमचें उमटून राहणें. लेपाच्या ज्या भागावर झोत सतत पडतो तो भाग झिजतो व अंधुक होतो. महिनोन् महिने एकच मजकूर दाखविणाऱ्या पडद्यावर तीं अक्षरें पडदा बंद असतांहि वाचतां येत. ह्यावरचा उपाय, म्हणजे कोणी कांहीं करीत नसेल तेव्हां पडदा आपोआप काळा होईल अशी आज्ञावली, जॉन सोचा ह्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केली. तीन मिनिटें कोणी कळ न दाबल्यास चित्र जाई. पुढें नुसत्या अंधाराचा लोकांस कंटाळा आला, आणि १९८९ च्या 'आफ्टर डार्क' मध्यें तर पंख फुटलेलीं पाव भाजण्याचीं यंत्रें पडद्यावरून उडूं लागलीं. औषधाचा खेळ झाला, आणि रोग गेल्यावरहि खेळ राहिला. सपाट पडद्यास असें औषध क्वचितच लागतें. उलट, मागचा दिवा विनाकारण जळत राहतो. तरीसुद्धां आमच्या महाविद्यालयांतील पडद्यांवर सायंकाळभर मासे पोहत असतात.

नळीच्या काळांतच संगणक व पडदा ह्यांना जोडणाऱ्या दोरीची एक पद्धति रूढ झाली. ती मात्र अजून पुष्कळ ठिकाणीं जिवंत आहे. आय. बी. एम. कंपनीनें १९८७ मध्यें आणलेली पंधरा टांचण्यांची 'व्ही. जी. ए.' जोडणी ती हीच. हींत तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांनीं जातात, म्हणून तिचा दोष रंगावरून ओळखतां येतो. पांढऱ्यांतून निळा वजा झाला कीं पिंवळा उरतो, हिरवा वजा झाला कीं गुलाबी-जांभळा, तांबडा वजा झाला कीं निळसर हिरवा. सबंध पडदा एकाएकीं पिंवळा दिसूं लागला तर पडदा बिघडला असें न मानतां निळ्या रंगाची टांचणी वांकली किंवा ढिली झाली असें मानावें आणि दोरी काढून पाहावी. नव्या 'एच. डी. एम. आय.' जोडणींत चित्र आंकड्यांच्या रूपानें जातें. तींत असा एकच रंग उतरत नाहीं. चित्रावर चांदण्या चमकूं लागतात, नाहींतर तें तुटून तुटून येतें किंवा अजिबात येत नाहीं. दोरीचेंच दुखणें, पण तिची भाषा निराळी.

आतां दुसरें कूळ. १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश राइनिट्झर एका पदार्थाचा वितळण्याचा बिंदु पाहत होते. तो पदार्थ एकदां १४५·५ अंशांवर वितळून दुधासारखा गढूळ झाला, आणि पुन्हां १७८·५ अंशांवर एकदम निर्मळ झाला. एकाच वस्तूस वितळण्याचे दोन बिंदु! त्यांनीं तो ओटो लेहमान ह्या पदार्थविज्ञानवेत्त्याकडे पाठविला, आणि प्रवाही असूनहि स्फटिकासारखी रचना बाळगणारे 'द्रवस्फटिक' शास्त्रास ठाऊक झाले. त्यांचा उपयोग काय, हें पाऊणशें वर्षें कोणास नीट सुचलें नाहीं. १९६८ सालीं आर. सी. ए. कंपनीनें जॉर्ज हाइलमायर ह्यांच्या मंडळीनें तयार केलेला पहिला द्रवस्फटिकी पडदा जाहीर केला. १९७० मध्यें बाझेल येथें शाट व हेल्फ्रिश ह्यांनीं पीळ दिलेल्या रेणूंची ती रचना शोधली जिच्यावर पुढें बहुतेक सर्व लहान पडदे चालले. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंत शिवरामकृष्ण चंद्रशेखर ह्यांनीं १९७७ मध्यें चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत याहून ठळकपणें यावयास हवी होती.

ह्या इतिहासांतील महत्त्वाची गोष्ट अशी कीं, द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीं. नळी हा दिवा होता. हा पडदा म्हणजे खिडकीची झिलमिली आहे. प्रत्येक ठिपक्यावर एक पट्टी, ती विजेच्या इशाऱ्यानें कमीजास्त उघडावयाची. उजेड मागून कोठून तरी यावयाचा. पूर्वीं तो पडद्याच्या कडेस बसविलेल्या, पेन्सिलीहून बारीक अशा पाऱ्याच्या वाफेच्या नळीदिव्यांतून येई, आणि त्यास शेंकडों व्होल्टांचा दाब पुरविणारा एक स्वतंत्र तुकडा लागे. २०१० च्या सुमारापासून तो बहुधा पांढरा प्रकाश देणाऱ्या इवल्या एल. ई. डी. दिव्यांच्या पट्टींतून येतो. जो निळा दिवा साधल्यामुळें हा पांढरा उजेड शक्य झाला, त्याच्या तीन जपानी संशोधकांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. नळीचा पडदा काळा झाला म्हणजे चित्र गेलें. झिलमिलीचा पडदा काळा झाला म्हणजे कदाचित् केवळ मागचा दिवा विझला असेल, आणि चित्र अंधारांत तसेंच उभें असेल.

बंधूंच्या यंत्राचें हेंच झालें होतें. आमचा पुतण्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतो. त्यानें तें यंत्र माजघरांत नेलें, दिवे मालविले, आणि हातांतील विजेरी पडद्यास अगदीं टेंकवून तिरपी धरली. प्रथम आम्हांस कांहींच दिसेना. मग विजेरीच्या वर्तुळांत, पाण्याखालीं पडलेल्या कागदासारखीं, पुसट चौकटी व अक्षरें दिसूं लागलीं. वहिनींस परवलीचा शब्द ठाऊक होता. वर्तुळ सरकवीत सरकवीत आम्हीं एक नांव वाचलें: 'कोश – र पर्यंत'. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. स्वयंपाकघरांत निघून गेल्या. पुतण्यानें आपल्या टेबलावरचा पडदा दोरीनें त्या यंत्रास जोडला, आणि सर्व नोंदी लख्ख उजेडांत समोर आल्या. त्याच रात्रीं त्यांच्या तीन प्रती झाल्या. दुकानांत ठेवून आलों असतों तर तें यंत्र तुकडे होऊन कोणत्या भंगारांत गेलें असतें कोण जाणे. त्या इसमानें आम्हांस फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच्या दृष्टीनें तें यंत्र म्हणजे एक जुनी वस्तु होती, आणि पडदा गेला म्हणजे वस्तु गेली, ही समजूत त्यास नळीच्या काळापासून वारशानें आलेली होती.

दुसरा पडदा जोडून पाहणें ही परीक्षा सर्वांत मोलाची आहे. दुसऱ्या पडद्यावर चित्र चांगलें आलें तर संगणक शाबूत असून दोष त्याच्या स्वतःच्या पडद्यांत, दिव्यांत किंवा बिजागरींतून जाणाऱ्या बारीक तारांत आहे. झांकण पुढेंमागें करतांना चित्र येतें व जातें असें असेल तर बहुधा त्या तारांतच. दिवसांतून दहादां उघडमीट सोसणारी तीच एक जागा. दुसऱ्या पडद्यावरहि तोच दोष दिसला तर तो संगणकाच्या चित्र काढणाऱ्या भागांत शोधावा. कोठेंच कांहीं न दिसल्यास विजेची दोरी काढून, बॅटरी निघण्यासारखी असल्यास तीहि काढून, सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. अडकून राहिलेली वीज निघून गेल्यावर कित्येक यंत्रें शहाण्यासारखीं सुरू होतात. ह्या सर्वांच्या आधीं उजेड कमीजास्त करण्याच्या कळा पाहाव्या, आणि टेबलावरचा पडदा असेल तर तो कोणत्या जोडणीकडे कान लावून बसला आहे तेंहि पाहावें. आमच्या महाविद्यालयांत दोन पडदे 'मृत' म्हणून वर्षभर कोठींत पडून होते. दोघांसहि चुकीच्या जोडणीवर ठेवण्यापलीकडे कांहीं झालेलें नव्हतें.

पडद्यावर आडवी वा उभी रेघ दिसल्यास तिचीहि परीक्षा आहे. संगणकाकडूनच पडद्याचें चित्र टिपून घ्यावें व तें दुसऱ्या यंत्रावर पाहावें. रेघ चित्रांत उतरली नाहीं, म्हणजे संगणकास तिची खबरच नाहीं. पडद्याच्या कडेस बसविलेल्या व एकेक ओळ चालविणाऱ्या सूक्ष्म जोडण्यांपैकीं एखादी सुटली आहे. ती घरीं जोडतां येत नाहीं. मेलेल्या ठिपक्यांची गोष्टहि तशीच. १९२० बाय १०८० च्या पडद्यांत २०,७३,६०० ठिपके, आणि प्रत्येकाचे तीन रंगभाग धरल्यास ६२,२०,८०० झडपा होतात. प्रत्येक झडपेस स्वतःचा ट्रान्झिस्टर. इतक्यांतून एकहि चुकूं नये ही अपेक्षा कारखानदारांस परवडत नव्हती, म्हणून २००१ मध्यें आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें त्यांचे वर्ग ठरविले. दुसऱ्या वर्गाच्या पडद्यांत दर दहा लक्ष ठिपक्यांमागें दोन सदा उजळ, दोन सदा काळे व पांच अर्धवट दोषाचे ठिपके चालत. २००८ सालीं त्या प्रमाणाची जागा दुसऱ्यानें घेतली, परंतु ग्राहक एका ठिपक्यासाठीं भांडतो व दुकानदार त्यास वर्गाचा नियम दाखवितो, हा तंटा येथूनच निघाला.

पुसण्याविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण येथें आमच्याच घरीं चूक झाली. नळीचा पडदा म्हणजे जाड कांच. वर्तमानपत्राच्या बोळ्यानें व कांच पुसण्याच्या तीव्र द्रवानें तो पुसला तरी बिघडत नसे. सपाट पडद्याच्या वरच्या अंगास बहुधा कांच नसतेच. प्रकाशास एकाच दिशेनें कंप पावूं देणारी पातळ चादर व तिच्यावरचा नाजूक लेप असतो. त्यावर तोच बोळा फिरविला तर उजेडांत दिसणारे ढग कायमचे पडतात. मऊ सुती कापड पाण्यानें किंचित् ओलें करून, पडदा बंद असतां, दाब न देतां फिरवावें. अधिक कांहीं नको. उलट, नळीच्या जुन्या पडद्याचा डबा घरांत कोठें अजून असेल तर तो मात्र उघडण्याच्या फंदांत पडूं नये. वीज काढल्यावरहि त्या नळींत वीसपंचवीस हजार व्होल्टांचा सांठा पुष्कळ वेळ राहूं शकतो.

तिसरें कूळ नुकतेंच आलें आहे, तरी त्याचा जन्म तसा जुना. कोडॅक कंपनींतील चिंग तांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक ह्यांनीं १९८७ सालीं सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरांतून थोड्या दाबावर प्रकाश काढून दाखविला. आज महागड्या फोनांत व कांहीं लॅपटॉपांत त्याचेच 'ओलेड' पडदे असतात. ह्यांत मागें दिवा नाहीं. प्रत्येक ठिपका आपल्या स्वतःच्या उजेडानें जळतो. ह्यामुळें विजेरीची परीक्षा येथें व्यर्थ आहे. हा पडदा काळा झाला कीं त्यामागें कांहीं उभें नसतें. आणि प्रत्येक ठिपका जळतो म्हणून झिजतोहि. त्यांतल्या त्यांत निळा लौकर. नळीबरोबर गेलें असें वाटलेलें दुखणें अशा रीतीनें परत आलें आहे, आणि त्याच्याबरोबर चित्र थोडेंथोडें सरकवीत ठेवण्याचे, बराच वेळ कोणी न शिवल्यास पडदा काळा करण्याचे उपायहि. वहिनींचा नवा फोन ह्याच जातीचा आहे. त्या कोशाच्या उरलेल्या नोंदी आम्हांस त्यावरूनच वाचून दाखवितात, उजेड पुरा ठेवून, तासन् तास; आणि पांढऱ्या पानाच्या माथ्यावर घड्याळाच्या खुणेची पुसट सांवली आतां उमटूं लागली आहे.